अकराच्या आत घरी: इलिनॉयमधल्या मराठी आईबाबांसाठी

तुमचं मूल सतरा वर्षांच्या आतलं असेल आणि घर इलिनॉयमध्ये असेल, तर आधी नियम नीट समजून घ्या. रविवार ते गुरुवार रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत, आणि शुक्रवारी-शनिवारी मध्यरात्री बारापासून सकाळी सहापर्यंत, मोठ्या माणसाशिवाय सार्वजनिक जागी असणं त्याला राज्याच्या कायद्यानं मना आहे. या नियमाला इथे ‘कर्फ्यू’ म्हणतात. रस्ता, बाग, दुकानाचं पार्किंग, उघडं असलेलं बर्गरचं हॉटेल, सगळं त्यात आलं. आणि आईबापांनी हे जाणूनबुजून चालू दिलं, तर तो त्यांचाही गुन्हा होतो. किरकोळ गुन्हा म्हणतात त्याला. दंड १० डॉलरपासून ५०० डॉलरपर्यंत. शिवाय न्यायाधीश पालकांना समाजसेवेचे तास लावू शकतात, फक्त ते तास तुमच्या नोकरीच्या वेळेवर येणार नाहीत एवढी काळजी कायद्यानंच घेतली आहे.

मी वकील नाही. शिकागोच्या पश्चिमेला, रूट ५९ च्या आसपास राहते, दोन मुलं वाढवली, आणि रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. शाळा सुटायच्या सुमारास, म्हणजे मे महिन्यात, पालकांचे तेच ते प्रश्न येतात. मी सांगलीची. गणपतीत रात्री एक वाजता देखावे बघून चालत घरी यायचो आणि आईला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आपल्यापैकी बहुतेकजण असेच वाढलोत, म्हणून मुलांच्या फिरण्यावर सरकारी घड्याळ असेल हे आपल्या मनातच येत नाही. इथे मात्र ही गोष्ट जुनी आहे. नेब्रास्कातल्या ओमाहा शहरानं १८८० मध्ये असा पहिला नियम केला, आणि १९९० च्या दशकात तर शेकडो शहरांनी केले.

एका मुलाला तीन घड्याळं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश सांगते.

पहिलं घड्याळ राज्याचं. ते वर सांगितलं.

दुसरं गावाचं. प्रत्येक शहराला आपला वेगळा, जास्त कडक नियम करता येतो. शिकागोनं तो केला आहे. तिथे २०२२ च्या मे महिन्यापासून बारा ते सतरा वर्षांच्या मुलांना आठवड्याचे सातही दिवस रात्री दहालाच वेळ संपते. त्याआधी शुक्रवार-शनिवारी अकरापर्यंत सूट होती आणि सतरा वर्षांची मुलं नियमाबाहेर होती. मिलेनियम पार्कमध्ये सोळा वर्षांच्या एका मुलाचा गोळीबारात जीव गेला, त्यानंतर हे बदललं. त्याच वेळी त्या बागेत गुरुवार ते रविवार संध्याकाळी सहानंतर अठराच्या आतल्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय थांबायला बंदी केली. म्हणजे शिकागोबाहेर, नेपरव्हिलमध्ये राहणारी तुमची सतरा वर्षांची लेक आपल्या गावात राज्याच्या नियमातून सुटलेली असते, आणि मेट्रानं, म्हणजे इथल्या लोकल गाडीनं, शिकागोच्या युनियन स्टेशनला उतरली की शिकागोच्या नियमात येते. घर कुठे आहे याला महत्त्व नाही, ती त्या क्षणी कुठे उभी आहे याला आहे.

तिसरं घड्याळ लायसन्सचं. सोळा-सतरा वर्षांच्या चालकाला रविवार ते गुरुवार रात्री दहानंतर आणि शुक्रवार-शनिवारी अकरानंतर सकाळी सहापर्यंत एकट्यानं गाडी चालवता येत नाही. नोकरी, शाळेचा कार्यक्रम, धार्मिक कार्यक्रम, आणीबाणी अशा ठरावीक कारणांना सूट आहे. पहिल्या वर्षात विशीच्या आतला एकच सोबती गाडीत बसवता येतो; भावंडं त्यात मोजत नाहीत. याचा अर्थ, मंगळवारी मित्राकडून साडेदहाला पायी निघालेला सोळा वर्षांचा मुलगा नियमात असतो आणि तोच गाडी घेऊन निघाला तर नसतो. एकानं चार मित्रांना घरी सोडायचं, ही आपल्याला चांगुलपणाची वाटणारी गोष्टही इथे नियमाबाहेर आहे.

तुमच्या गावाचा नियम शोधायचा असेल तर ओळखीपाळखीत विचारत बसू नका. व्हॉट्सअॅपवर उत्तरं भराभर येतात, पण ती शॉमबर्गच्या माणसाची शॉमबर्गपुरती असतात. गावाच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘म्युनिसिपल कोड’ उघडा आणि ‘कर्फ्यू’ शब्द टाका. पानभर मजकूर निघेल. त्यात वयाची मर्यादा, वारानुसार वेळ, सूट कशाला आहे, आणि शिक्षा मुलाला की पालकाला, एवढं बघा. सापडलं नाही तर पोलिसांच्या नेहमीच्या क्रमांकावर दिवसा फोन करा, ९११ वर नाही. ते शांतपणे सांगतात. असा फोन केल्यानं तुमची नोंद कुठेतरी होईल अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. ती बाळगू नका.

सूट कशाला आहे

राज्याच्या कायद्यात सवलतींची यादी दंडाच्या कलमापेक्षा मोठी आहे, आणि ती आपल्या फार उपयोगाची आहे.

मुलाबरोबर आई, बाबा किंवा कायदेशीर पालक असेल तर प्रश्नच नाही. आईबापांनी मान्य केलेला अठरा वर्षांवरचा जबाबदार सोबती असला तरी चालतो. यातला ‘मान्य केलेला’ हा भाग लक्षात ठेवा. कॉलेजातून सुट्टीला आलेली एकोणीस वर्षांची ताई धाकट्याला सिनेमाला घेऊन गेली, तर ती त्याची सोबती होऊ शकते, पण तुम्ही तिला हो म्हटलेलं असलं पाहिजे.

तुम्ही सांगितलेल्या कामासाठी मूल बाहेर असेल, कामावरून परत येत असेल, काही आणीबाणी असेल, दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गाडीत बसलेलं असेल, तर सूट आहे. आपल्या घरासमोरच्या फुटपाथवर उभं राहायला सूट आहे. शेजाऱ्याच्या घरासमोरही, त्यानं तक्रार केली नसेल तर. प्रार्थना, निषेध, सभा अशा घटनेनं दिलेल्या हक्कांसाठी बाहेर असेल तरीही सूट आहे. या शेवटच्या मुद्द्यामागे शेजारच्या राज्यातला खटला आहे. इंडियानापोलिसमध्ये एका आईनं शहराच्या नियमाविरुद्ध दावा लावला आणि २००४ मध्ये शिकागोत बसणाऱ्या केंद्रीय अपील न्यायालयानं तो नियम रद्द ठरवला. रात्री सभेला किंवा प्रार्थनेला गेलेल्या मुलाला आधी अटक व्हायची भीती आणि मग खुलासा, हे चालणार नाही असं न्यायालय म्हणालं. म्हणून आता इलिनॉयच्या कायद्यात लिहिलेलं आहे की पोलिसानं काहीही कारवाई करण्याआधी मुलाला वय आणि बाहेर असण्याचं कारण विचारलंच पाहिजे, आणि सूट लागू होत असेल तर दंडाची चिठ्ठी फाडायची नाही.

नोकरीच्या सुटीबद्दल एक सावधानता. पंधरा वर्षांचं मूल आइस्क्रीमच्या दुकानात काम करत असेल, तर त्याला शाळेच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर आणि १ जून ते लेबर डे या काळात नऊनंतर काम करायला कायद्यानंच परवानगी नाही. तेव्हा रात्री साडेअकराला ‘कामावरून येतोय’ हे त्याचं उत्तर त्याला वाचवणार नाही, आणि दुकानदारही अडचणीत येईल.

आता गणपती. ऑगस्टपासून आपल्या पोरांच्या ढोल-ताशाच्या तालमी सुरू होतात. सगळ्यांच्या नोकऱ्या उरकून तालीम उशिरा सुरू होते, शाळेचा हॉल नाही मिळाला तर कुठल्यातरी पार्किंगमध्ये होते, आणि आवरता आवरता साडेदहा वाजतात. कायद्यात अशा कार्यक्रमाला सूट आहे: मोठ्यांच्या देखरेखीखाली, मुलांची जबाबदारी घेणाऱ्या संस्थेनं भरवलेला शाळेचा, धार्मिक किंवा करमणुकीचा कार्यक्रम. मंडळ नोंदणीकृत असेल आणि जबाबदारी घेत असेल तर तालीम यात बसायला हवी. पण सूट कार्यक्रमाला, आणि तिथे जाण्या-येण्याला ‘वाटेत न थांबता, वळसा न घेता’ आहे. तालमीनंतर पाच पोरं ढोलाच्या काठ्या घेऊन टाको खायला थांबली की ती सूट संपली. आमच्याकडे म्हणून असं ठरवलंय: तालमीच्या जागी दोन मोठी माणसं शेवटचं मूल गाडीत बसेपर्यंत थांबतात, कोण कुणाबरोबर गेलं याची यादी फोनवर असते, आणि भूक लागली तर खाणं तालमीतच येतं. खिचडी, पावभाजी, काहीही. शिवाय रहदारी, आवाज यांबद्दल आजूबाजूचे लोक पोलिसांना फोन करतात तेव्हा ती यादी हातात असलेली फार बरी पडते.

लोलापालूझा या शिकागोतल्या संगीत महोत्सवाबद्दल दर उन्हाळ्यात विचारणा होते. ग्रँट पार्कमधला कार्यक्रम दहाला संपतो आणि शिकागोची वेळही दहाचीच. तिकिटाच्या कार्यक्रमाला शहराच्या नियमात सूट आहे, तेव्हा मनगटावरचा पट्टा घरी येईपर्यंत काढू नका म्हणून सांगा, आणि थेट युनियन स्टेशन गाठायला सांगा. मेट्राच्या बीएनएसएफ मार्गाची शेवटची गाडी किती वाजता आहे ते मुलाला नाही, तुम्हाला माहीत असू द्या.

घरात काय ठरवायचं

कायद्यातला तो शब्द परत बघा: जाणूनबुजून. मूल खिडकीतून पळालं तर तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. मुलाला मोकळं सोडून ‘बघू, येईल’ म्हणत झोपलात, तर ठरू शकता. आणि एकदा पोलिसांचा फोन येऊन गेल्यावर दुसऱ्यांदा ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणणं कुणाला पटेल? त्यामुळे मूल कुठे आहे, कोणाबरोबर आहे आणि परत कसं येणार आहे हे तुम्हाला माहीत असणं, आणि ते दाखवता येणं, हीच खरी तयारी. मुलावर पाळत ठेवायचा सल्ला मी देणार नाही. फोनवर ठावठिकाणा दिसतो म्हणून बरेच पालक निर्धास्त असतात. पण नकाशावरचा निळा ठिपका मूल कुणाच्या गाडीत बसलंय ते सांगत नाही.

आमच्या घरचा नियम साधा. घरची वेळ कायद्याच्या वेळेच्या अर्धा तास आधीची. आणि मुलाला ‘किती वाजता येशील’ न विचारता ‘तिथून किती वाजता निघशील’ विचारायचं. पोचायची वेळ रस्त्यावर, मित्रावर, ट्रेनवर अवलंबून असते. निघायची वेळ त्याच्या हातात असते. घरी चार्जिंग संपलेल्या फोनचं कारण चालत नाही हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

बाहेर जाताना एक निरोप लिहून पाठवायचा, मुलाला आणि त्याला आणणाऱ्या माणसाला, दोघांना एकाच वेळी. असा:

‘आज रात्री तू अमक्याच्या घरी आहेस. साडेदहाला निघायचं. अमक्याची ताई (वय १९) तुला घरी सोडणार आहे, त्याला माझी परवानगी आहे. मधे कुठे थांबणार नाही. काही झालं तर मला फोन, मी जागी आहे. आई.’

इंग्रजीत लिहिलात तर जास्त चांगलं, कारण रस्त्यात पोलिसानं विचारलं तर मुलाला तो तिथल्या तिथे दाखवता येतो. सोबत्याला तुम्ही मान्यता दिली होती याचा तो पुरावाही असतो.

मूल ज्या मित्राकडे जातं त्याच्या आईशी एकदा तरी बोला. बऱ्याच मुलांचे मित्र अमराठी असतात आणि आपण त्यांच्या घरी फोन करायला बिचकतो. मूल तर म्हणतंच, ‘आई, प्लीज नको, लाज वाटते.’ तरी करा. ‘नमस्कार, मी अमक्याची आई, आज तुमच्याकडे कुणी मोठं घरी आहे ना?’ एवढा एक प्रश्न. मला आजवर कुणी वाईट उत्तर दिलेलं नाही. उलट पुढच्या वेळी त्यांचाच फोन येतो.

भारतातून सुट्टीला आलेल्या भाच्या-पुतण्यांचं विसरू नका. कायदा ‘आईवडील, कायदेशीर पालक किंवा ज्याच्या ताब्यात मूल आहे अशी व्यक्ती’ असं म्हणतो. म्हणजे ते महिनाभर तुमच्याकडे असेपर्यंत मावशी, आत्या, मामा म्हणून जबाबदारी तुमची. कोल्हापूरहून आलेला माझा पंधरा वर्षांचा भाचा जेटलॅगमुळे रात्री एक वाजता टक्क जागा, बूट घालून दारात उभा: ‘मावशी, जरा चक्कर मारून येतो.’ त्याला बिचाऱ्याला त्यात काय गैर ते कळेना. पहिल्या दिवशीच, सामान उघडतानाच, हे सांगून ठेवा. मग मी चपला घातल्या आणि आम्ही दोघं हिंडून आलो. मोठं माणूस बरोबर असलं की काहीच अडत नाही.

पोलिसांनी थांबवलं तर

मुलाला हे आधी शिकवून ठेवा, जमल्यास दोनदा म्हणवून घ्या. थांबायचं. पळायचं नाही. हात खिशाबाहेर. वय खरं सांगायचं, बाहेर का आहे ते एका वाक्यात सांगायचं, आणि ‘माझ्या आईला फोन करता का’ म्हणायचं. मित्राच्या पिशवीत काय आहे, कोण कुठून आलं, यावर बडबड करायची नाही. आईबाबा आल्यावर बोलेन म्हणणं उद्धटपणा नाही. वय चोरायचं नाही हे पुन्हा सांगते. वेळ चुकणं किरकोळ आहे, पोलिसाला खोटी ओळख सांगणं तसं नाही.

हे सगळ्या मुलांच्या बाबतीत सारखं घडतं असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. शिकागोत या नियमांवरचा मोठा आक्षेप हाच आहे की काळ्या मुलांना जास्त अडवलं जातं. आपली सावळी, उंच वाढलेली मुलंही आपल्याला बाळं वाटतात, अंधारात दुसऱ्याला वाटतीलच असं नाही. म्हणून शांत राहण्याचा सराव.

तुम्हाला फोन आला तर ओळखपत्र घेऊन जा. तिथे मुलाला रागावू नका, ते घरी. काय कागद दिला आहे, नुसती ताकीद आहे की चिठ्ठी, सुनावणीची तारीख कोणती, हे विचारून लिहून घ्या. चिठ्ठी असेल तर तारखेला हजर राहा. दंड भरून मोकळं होऊ असं घाईनं करू नका, कारण दंड भरणं म्हणजे बहुतेक वेळा चूक कबूल करणं असतं. विशेषतः तुम्ही नोकरीच्या एच-१ व्हिसावर आणि मूल कुटुंबीयांच्या एच-४ वर असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. ग्रीन कार्डाच्या अर्जात पोलिसांनी कधी अटक केली, ताब्यात घेतलं किंवा चिठ्ठी दिली का असा प्रश्न असतो. कर्फ्यूच्या एका चिठ्ठीनं आयुष्य बिघडत नाही. विचारल्यावर ती लपवणं मात्र महागात पडू शकतं. म्हणून तो कागद आणि निकालाचा कागद, दोन्ही पासपोर्टांच्या फाइलमध्ये ठेवा. दहा वर्षांनी लागेल.

वेळेपलीकडची जबाबदारी

घड्याळाच्या नादात दोन मोठ्या गोष्टी विसरायला होतात. इलिनॉयच्या पालक-जबाबदारी कायद्यानुसार, तुमच्याकडे राहणाऱ्या अकरा वर्षांवरच्या आणि एकोणीसच्या आतल्या मुलानं मुद्दाम कुणाचं नुकसान केलं, तर पहिल्या वेळी २०,००० डॉलरपर्यंतची भरपाई पालकांकडून घेता येते. तसं वारंवार घडत असेल तर ३०,००० पर्यंत. टपालपेट्या फोडणं, गाड्यांवर ओरखडे काढणं ही गंमत या कलमात येते.

दुसरी, बेसमेंटमधली पार्टी. ‘बाहेर जाऊन प्यायपेक्षा घरात डोळ्यासमोर पिऊ दे’ असं म्हणणारे सुशिक्षित पालक मी पाहिले आहेत. आपल्या घरी दुसऱ्यांच्या अल्पवयीन मुलांना जाणूनबुजून पिऊ दिलं तर तो इथे फौजदारी गुन्हा आहे, दंड किमान ५०० डॉलर, आणि त्यातून कुणाला गंभीर इजा झाली किंवा कुणी दगावलं तर त्याहून वरच्या श्रेणीचा गुन्हा. यात मला कसलीच तडजोड मान्य नाही.

एवढं सगळं सांगून माझं मत विचाराल, तर अशा नियमांनी गुन्हे कमी होतात असं मला वाटत नाही. २०१६ मध्ये अभ्यासकांनी याविषयीचे डझनभर अभ्यास एकत्र तपासले आणि गुन्हे घटल्याचा पुरावा सापडला नाही. टेक्सासनं तर २०२३ मध्ये कायदा करून शहरांना मुलांवर असे नियम लावायलाच बंदी केली. डॅलसला बदली होऊन जाणाऱ्यांनी नोंद घ्यावी. उलट न्यू जर्सीत राज्याचा एकच नियम नाही, प्रत्येक गाव आपलं ठरवतं, म्हणून एडिसनमधल्या बहिणीचं ऐकून इथे वागू नका आणि इथलं तिला सांगू नका. शिकागोत २०२५ च्या जूनमध्ये पोलिसांना ऐनवेळी कर्फ्यू लावण्याचा अधिकार देणारा ठराव नगरसभेनं २७ विरुद्ध २२ मतांनी मंजूर केला आणि महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी तो नकाराधिकार वापरून अडवला. हा वाद चालूच राहणार, नियम बदलत राहणार. म्हणून दर मे महिन्यात गावाचं पान एकदा उघडून बघा.

आणि वेळ टळून गेली, फोन लागत नाही, मित्राच्या घरचे म्हणताहेत ‘तो तर दहालाच निघाला’, अशी रात्र आलीच तर दंडाच्या भीतीनं पोलिसांना कळवायला उशीर करू नका. स्वतः फोन करणारा पालक काही ‘जाणूनबुजून चालू देत’ नसतो. चोवीस तास थांबावं लागतं ही समजूतही चुकीची आहे. हरवलेल्या मुलाची तक्रार घ्यायला वाट बघायला लावू नये, असा केंद्रीय कायदा १९९० पासून आहे. ९११ लावा. मुलाचा अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, गाडीचा नंबर, आणि मघाचा तो लिहिलेला निरोप जवळ ठेवा. घरात एकजण फोनपाशी थांबा, दुसऱ्यानं मित्रांच्या घरी फोन करायला घ्या.